एसक्यूएलमध्ये डि'सोझा, डि'मेलो अशी नावं भरताना: स्ट्रिंग व्हेरिएबल आणि सिंगल कोट

सोपारेकर

नमस्कार मंडळी. वसई भागातल्या एका पतसंस्थेच्या सभासदांची नोंदवही एक्सेलमधून एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलंय. एक्सेलच्या फॉर्म्युल्यातून प्रत्येक ओळीसाठी एक इन्सर्ट वाक्य तयार करते आणि ती सगळी वाक्यं त्याच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या प्रोग्राममध्ये चिकटवून चालवते. पाटील, वर्तक, राऊत, लोपीस, परेरा सगळे सरळ गेले. डि'सोझा आला की गाडी अडते:

इन्सर्ट इनटू सभासद (क्रमांक, आडनाव) व्हॅल्यूज (४१२, 'डि'सोझा');

आधी 'इनकरेक्ट सिंटॅक्स' आणि त्याच्या खाली 'अनक्लोज्ड कोटेशन मार्क आफ्टर द कॅरॅक्टर स्ट्रिंग'. व्हेरिएबलमध्ये ठेवून बघितलं तरी तेच:

डिक्लेअर @आडनाव व्हारचार(१००) = 'डि'सोझा';

डबल कोटमध्ये घातलं तर म्हणतो की असा कॉलमच नाही. शिवाय मराठी नावाचा वेगळा कॉलम आहे, त्यात सगळीकडे ????? दिसतंय. ऑफिसात एकांनी सुचवलं की फाइंड-रिप्लेस करून ती वरची टिकलीच काढून टाक, सभासदांना काय फरक पडतो. मला ते पटत नाहीये, पण दुसरा रस्ता तर हवा.

(कीवर्ड देवनागरीत लिहिलेत कारण फोनवरून लिहितेय. चालवताना अर्थातच रोमन.)


जुना_डीबीए

सोपारेकर ताई, टिकली अजिबात काढू नका. त्यावर नंतर येतो, आधी एरर का येतो ते बघू.

सर्व्हर तुमचं वाक्य डावीकडून एकेक अक्षर वाचत जातो. पहिला सिंगल कोट दिसला की मजकूर सुरू, पुढचा दिसला की मजकूर संपला. म्हणजे त्याच्या लेखी तुमचं आडनाव फक्त 'डि'. मग उघड्यावर पडलेला सोझा हा शब्द त्याला कळत नाही, आणि शेवटचा कोट नवा मजकूर सुरू करतो जो कधी बंदच होत नाही. म्हणून दोन एरर.

एसक्यूएलच्या प्रमाण नियमानुसार मजकुराच्या आत कोट हवा असेल तर तो दोनदा लिहायचा:

डिक्लेअर @आडनाव एनव्हारचार(१००) = एन'डि''सोझा';
सिलेक्ट @आडनाव, लेन(@आडनाव);

हे दोन सिंगल कोट आहेत, एक डबल कोट नव्हे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कीबोर्डवर तीच कळ दोनदा दाबा. आणि साठवताना एकच कोट साठवला जातो. सिलेक्टचं उत्तर बघा, डि'सोझा असंच येईल आणि लांबीही एकाच कोटची धरलेली असेल. दोनदा लिहिणं हे फक्त वाक्य वाचणाऱ्या पार्सरसाठी आहे, डेटासाठी नाही. पुष्कळ लोक या भीतीने नंतर डेटातले कोट 'दुरुस्त' करत बसतात.

डबल कोटचं म्हणाल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वोटेड आयडेंटिफायर ही सेटिंग सहसा चालू असते. ती चालू असताना डबल कोटमधला शब्द म्हणजे कॉलमचं किंवा टेबलचं नाव. ती बंद करून डबल कोटने मजकूर लिहिता येतो, पण त्या वाटेला जाऊ नका. इंडेक्स्ड व्ह्यू, फिल्टर्ड इंडेक्स, काँप्युटेड कॉलमवरचे इंडेक्स या शोध जलद करणाऱ्या सोयींना ती चालूच लागते.

प्रश्नचिन्हांचं कारण: कोटाच्या आधी तो एन नाही. एन नसेल तर मजकूर आधी डेटाबेसच्या कोड पेजमध्ये (अक्षरांच्या ठरलेल्या तक्त्यात) बदलला जातो. त्या कोड पेजमध्ये देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह. कॉलम एनव्हारचार असला तरी उपयोग नाही, कारण नुकसान तिथे पोचण्याआधीच झालेलं असतं. एकदा ? झालं की मूळ अक्षर त्यातून परत काढता येत नाही, त्यामुळे त्या ओळी मूळ शीटवरून पुन्हा भराव्या लागतील. कॉलमही एनव्हारचार आहे ना ते तपासा. २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन (अक्षरं साठवण्या-लावण्याचा नियम) देऊन साध्या व्हारचारमध्येही देवनागरी ठेवता येते, पण तिथे लांबी बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'क्षितिज' या नावात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. व्हारचार(२०) मध्ये मावणार नाही.


नवशिका

काका, एक शंका. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये डिक्लेअर @नाव व्हारचार = 'रमेश' असं केलं आणि प्रिंट केल्यावर नावाचं फक्त पहिलंच अक्षर आलं. एरर काहीच नाही. इंग्रजीत टाकलं होतं, त्यामुळे एनचा प्रश्न नसावा.


जुना_डीबीए

लांबी दिली नाहीत म्हणून. डिक्लेअरमध्ये व्हारचारपुढे कंसात आकडा नसेल तर लांबी १ धरतात. कास्ट किंवा कन्व्हर्टमध्ये आकडा नसेल तर ३०. दोन ठिकाणी दोन नियम, तेव्हा आकडा नेहमी लिहायचाच.

यातली वाईट गोष्ट म्हणजे शांतता. टेबलात न मावणारा मजकूर टाकलात तर सर्व्हर 'ट्रंकेटेड' म्हणून ओरडतो आणि वाक्य नापास करतो. व्हेरिएबलमध्ये मात्र जेवढं मावतं तेवढं ठेवतो, बाकी कापून टाकतो आणि गप्प राहतो. म्हणून व्हेरिएबलची लांबी कॉलमच्या लांबीपेक्षा कमी कधीच ठेवू नये.

आणखी एक, एकाच ओळीत डिक्लेअर करून किंमत देणं २००८ पासून चालतं. त्याआधीच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये डिक्लेअर एका ओळीत आणि सेट दुसऱ्या ओळीत दिसेल. दोन्ही बरोबर.


कोकणकडा

मी मायएसक्यूएलवाला. आमच्याकडे बॅकस्लॅश चालतो:

सेट @आडनाव = 'डि\'सोझा';

दोन कोटही चालतात. डबल कोटमध्ये 'डि'सोझा' तसंच्या तसं लिहिलं तरी चालतं, कारण मायएसक्यूएल मुळात डबल कोटलाही मजकूर समजतो. एएनएसआय कोट्स मोड चालू केला तरच ते नाव धरलं जातं. टेबल-कॉलमच्या नावांसाठी बॅकटिक. आणि डिक्लेअर फक्त स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवरच साठवलेल्या आज्ञा), फंक्शन वगैरेंच्या बिगिन-एंडच्या आत, तेही ब्लॉकच्या सुरुवातीलाच. बाहेर नुसतं सेट @काहीतरी.

बॅकस्लॅशची सवय लागली की फोल्डरचे पत्ते लिहिताना सांभाळा. बॅकस्लॅशपुढे रोमन एन आला की ती नवी ओळ होते, टी आला की टॅब.

सोपारेकर, तुम्हाला झटपट सुटायचं असेल तर एक्सेलमध्येच सबस्टिट्यूट फंक्शन वापरून प्रत्येक ' चे '' करून घ्या आणि मग इन्सर्ट तयार करा. एसक्यूएलमध्ये करायचं तर रिप्लेस(@आडनाव, '''', ''''''). झालं काम.


सोपारेकर

धन्यवाद दोघांनाही. एन लावल्यावर मराठी नावं नीट आली, फार मोठं ओझं उतरलं. कोकणकडा, ते चार आणि सहा कोट बघून डोळे फिरले. कसे वाचायचे?


कोकणकडा

बाहेरचे दोन बाजूला ठेवा, ते फक्त मजकुराची हद्द. आत उरतील त्यातली प्रत्येक जोडी म्हणजे एक खरा कोट. '''' मधून बाहेरचे दोन गेले, आत एक जोडी राहिली, म्हणजे एक कोट. '''''' मध्ये आत दोन जोड्या, म्हणजे दोन कोट. एकाच्या जागी दोन टाक, एवढंच म्हटलंय. तरीही डोळ्यांना त्रास होत असेल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॅर(३९) लिहा, ३९ हा सिंगल कोटचाच क्रमांक.


जुना_डीबीए

कोकणकडा, एकदाच चालवायच्या, आपणच लिहिलेल्या स्क्रिप्टसाठी सबस्टिट्यूट ठीक आहे. पण 'झालं काम' इथे थांबायला माझी हरकत आहे, कारण नवशिकासारखे लोक हाच धडा घेऊन प्रोजेक्टमध्ये जातात. तिथे किंमत वापरणाऱ्याकडून येते आणि ते ती वाक्यात जोडत बसतात:

सेट @आज्ञा = एन'सिलेक्ट * फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = ''' + @आडनाव + एन'''';
एक्झेक(@आज्ञा);

इथे कोणी आडनावाच्या जागी डि'सोझा टाकलं तर क्वेरी फुटते. कोणी

क्ष' ऑर १=१ --

असं टाकलं तर फुटत नाही, सगळ्या सभासदांची यादी हातात ठेवते. ज्या फटीतून डि'सोझांची एरर येते त्याच फटीतून इंजेक्शन, म्हणजे किंमतीच्या वेषात आलेली परकी आज्ञा, आत शिरतं. १९९८ च्या डिसेंबरमध्ये 'फ्रॅक' या हॅकर मासिकात हा प्रकार जाहीरपणे मांडला गेला, आणि आजही चालू साइट्समध्ये हीच फट सापडते.

उपाय म्हणजे किंमत वाक्यात जोडायचीच नाही. वाक्य वेगळं पाठवायचं, किंमत वेगळी:

सेट @आज्ञा = एन'सिलेक्ट * फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = @आड';
एक्झेक एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल @आज्ञा, एन'@आड एनव्हारचार(१००)', @आड = @आडनाव;

वाक्य एकदाच पार्स होतं. त्या वेळी @आड ही नुसती जागा असते. नंतर तिथे डि'सोझा येवो की ऑर १=१ येवो, पार्सर त्याकडे बघतही नाही. ते आडनाव म्हणूनच शोधलं जातं. एकही कोट दुप्पट करावा लागत नाही. सी शार्पमध्ये पॅरामीटर, जावात प्रिपेअर्ड स्टेटमेंट, पीएचपीत पीडीओ, पायथनमध्ये एक्झिक्यूटला दिलेला टपल, सगळीकडे हेच.

रिप्लेसची दुसरी अडचण सांगतो. आडनावासाठी १०० अक्षरांचं व्हेरिएबल ठेवलंत आणि कोणी नेमका १०० अक्षरांचा, शेवटी कोट असलेला मजकूर पाठवला तर दुप्पट केल्यावर १०१ होतो. व्हेरिएबल शेवटचं अक्षर गपचूप कापतं आणि दुप्पट केलेल्या जोडीतला एकच कोट उरतो. तुम्ही एस्केप केलं, म्हणजे कोटाचा खास अर्थ काढून घेतला, तरी दार उघडंच.


कोकणकडा

हे कापलं जाण्याचं कधी डोक्यात आलं नव्हतं. पॅरामीटरचं म्हणणं शंभर टक्के मान्य, नव्या कामात मी पीडीओच वापरतो. माझा सल्ला फक्त त्या शीटपुरता होता.

यावरून आठवलं. जुन्या पीएचपीत मॅजिक कोट्स नावाची सोय होती, फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक कोटाआधी ती आपोआप बॅकस्लॅश लावायची. प्रोग्रामर वरून स्वतः पुन्हा एस्केप करायचे, आणि टेबलात डि\'सोझा असं कायमचं साठवलं जायचं. दुरुस्ती म्हणून ते पान उघडून पुन्हा सेव्ह केलं की आणखी स्लॅश. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ ने ती सोय काढून टाकली, पण त्या काळातला डेटा अजून लोकांकडे आहे. सोपारेकर, तुमच्या शीटमध्येही नावात बॅकस्लॅश दिसतात का ते एकदा बघाच.


अक्षरवेडी

पोस्टग्रेसमध्ये यावर मला सर्वांत आवडलेली सोय आहे, डॉलर कोटिंग. मजकूर दोन डॉलर चिन्हांच्या जोड्यांमध्ये लिहायचा, आत कितीही कोट असू देत:

सिलेक्ट $$डि'सोझा आणि डि'मेलो$$;

मजकुरातच $$ असेल तर मधे खूणशब्द घालता येतो, $खूण$ ... $खूण$ असा. फंक्शनचं अख्खं अंग असंच लिहितात, म्हणून आतल्या कोटांची चवड रचावी लागत नाही:

डू $$
डिक्लेअर आडनाव टेक्स्ट := 'डि''सोझा';
बिगिन
रेज नोटिस '%', आडनाव;
एंड $$;

डिक्लेअर अशा ब्लॉकच्या आतच चालतं, उघड्या क्वेरीत नाही. एसक्यूएल सर्व्हरवरून आलेले पहिल्याच दिवशी इथे अडखळतात.

बॅकस्लॅशबद्दल: ९.१ पासून पोस्टग्रेस साध्या कोटांतल्या बॅकस्लॅशला मुळातच साधं अक्षर धरतो. बॅकस्लॅशने एस्केप हवं असेल तर कोटाआधी ई लावायचा, ई'डि\'सोझा'. मायएसक्यूएलच्या स्क्रिप्ट इकडे आणताना याच्यामुळे फार फुटतात.

आणि डायनॅमिक वाक्य बांधायचंच असेल तर फॉरमॅट फंक्शन आहे. किंमतीच्या जागी %एल, टेबल-कॉलमच्या नावाच्या जागी %आय. दोघांचे कोट वेगळे असतात, ते फंक्शन सांभाळतं. पॅरामीटरने किंमत देता येते पण टेबलचं नाव देता येत नाही, तिथे %आय कामी येतो.


जुना_डीबीए

अक्षरवेडी, टेबलच्या नावाचा मुद्दा महत्त्वाचा काढलात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी क्वोटनेम आहे. ते नावाला चौकोनी कंस लावतं आणि आतला बंद होणारा कंस दुप्पट करतं. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून सिंगल कोट दिला तर मजकुरालाही कोट लावून देतं, पण १२८ अक्षरांपेक्षा मोठं काही दिलं की नल (म्हणजे 'किंमतच नाही') परत करतं. आणि नल प्लसने जोडला की अख्खं वाक्यच नल. मग एक्झेक काहीच करत नाही, एररही देत नाही. क्वोटनेम नावांसाठी आहे, त्याच कामाला ठेवा.


रात्रपाळी

न्यू जर्सीहून वाचतोय, ओरॅकलचं मीच सांगतो. १०जी पासून क्यू कोट आहे:

क्यू'[डि'सोझा]'

चौकोनी कंसाऐवजी दुसरे कंस किंवा एखादं चिन्हही चालतं. व्हेरिएबल डिक्लेअरच्या ब्लॉकमध्येच, पोस्टग्रेससारखं := ने. लांबी देताना व्हारचार२(५० कॅर) असं स्पष्ट लिहा, कारण मुळातली सेटिंग बदलली नसेल तर ५० म्हणजे ५० बाइट, आणि मराठी नाव अर्ध्यातच अडेल.

दोन गोष्टींनी नवे लोक चक्रावतात. एक, ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर '' म्हणजे नलच. मधलं नाव रिकामं असलेले सभासद शोधायला = '' लिहिलंत तर एकही ओळ येणार नाही, इज नल लिहावं लागतं. दुसरं, एसक्यूएल प्लसमध्ये 'शहा & सन्स' असं नाव भरायला गेलात की ते मधेच थांबून 'सन्स' ची किंमत विचारतं. & हे तिथे बदली व्हेरिएबलचं चिन्ह आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट डिफाइन ऑफ लिहा. हे एस्केप डेटाबेसचं नाही, त्याच्या पुढ्यात बसलेल्या प्रोग्रामचं आहे, म्हणून तेच वाक्य जावातून पाठवलं तर बिनबोभाट जातं.


सोपारेकर

दोन नव्या अडचणी. काही आडनावं सबस्टिट्यूट करूनही दुप्पट होत नाहीत. आणि मी वर एकदा डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल स्क्रिप्टच्या खालच्या भागात 'मस्ट डिक्लेअर द स्केलर व्हेरिएबल' म्हणतं. मधे काहीच बदललेलं नाही.


जुना_डीबीए

मधे कुठेतरी गो आहे का? गो ही एसक्यूएलची आज्ञा नाहीच. मॅनेजमेंट स्टुडिओ आणि एसक्यूएलसीएमडी (कमांड लाइनवरून स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) ती ओळ बघून तिथपर्यंतचा भाग वेगळा पाठवतात. व्हेरिएबल त्या एका बॅचपुरतंच जगतं. गो काढा, किंवा पुन्हा डिक्लेअर करा, किंवा किंमत टेम्प टेबलात ठेवा.

तुम्ही लूपमध्ये सिलेक्ट @आडनाव = आडनाव फ्रॉम ... असं लिहीत असाल तर तेही बघून घ्या. त्या क्रमांकाची ओळच सापडली नाही तर सिलेक्ट व्हेरिएबलला हात लावत नाही, आधीच्या फेरीतलं आडनाव तसंच राहतं आणि एका सभासदाचं नाव दुसऱ्याच्या खात्यावर बसतं. सेट @आडनाव = (सिलेक्ट ...) लिहिलंत तर ओळ नसताना नल येतो आणि चूक दिसते.


चौकस

दुप्पट न होणाऱ्या आडनावांचं मला माहीत आहे. ती नावं वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून शीटमध्ये आली असणार. वर्ड सरळ ' च्या जागी वाकडा ’ घालतं. डोळ्यांना जवळजवळ सारखाच, पण युनिकोडमध्ये तो वेगळा, यू+२०१९. सरळ कोट यू+००२७. वाकडा कोट डेटात असला तर सर्व्हरला त्याचं काही नाही, ते त्याच्यासाठी साधं अक्षर. पण उद्या कोणी सरळ कोट टाकून डि'सोझा शोधेल तेव्हा डि’सोझा सापडणार नाही. उलट स्क्रिप्टमधलाच हद्दीचा कोट वाकडा झाला तर वाक्य फुटतं, म्हणून कोड वर्डमध्ये लिहू नये.

तिसरा एक भाऊ आहे, यू+०२बीसी. तो एनव्हारचारमधून व्हारचारमध्ये बदलला गेला की रोमनच्या नेहमीच्या कोड पेजमध्ये त्याचा सरळ कोट होतो. म्हणजे ॲपमध्ये कोट तपासला तेव्हा सापडला नाही, पण डेटाबेसच्या आत व्हारचार व्हेरिएबलमध्ये शिरल्यावर तो जिवंत झाला. रिप्लेसवर भरवसा ठेवू नका असं काका म्हणतात त्याला हे आणखी एक कारण.


गिरीजकर

मी या क्षेत्रातला नाही, पण धागा पूर्ण वाचला कारण माझ्याच आडनावात ती टिकली आहे. सुरुवातीला टिकली काढून टाकण्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो.

वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांची सत्ता होती, ही आडनावं तेव्हापासूनची. आमच्या घरात आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते एका रीतीने आहे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि माझ्या पासपोर्टवर तिसऱ्या. यातली एकही आम्ही आपण होऊन बदललेली नाही. प्रत्येक वेळी समोरच्या टेबलावरच्या कोणीतरी किंवा कुठल्यातरी फॉर्मने ठरवलं की हे चिन्ह चालणार नाही. एका विमा दाव्याच्या वेळी मला शपथपत्र करावं लागलं की हे सगळे एकच माणूस आहेत. ऑनलाइन फॉर्म 'कृपया वैध नाव टाका' म्हणतो तेव्हा राग येतो. नाव वैधच आहे.

पतसंस्थेत आमच्या आईवडिलांच्या ठेवी असतात, वारसनोंदी असतात. सोपारेकर ताई, तुम्ही ते पटत नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. जसं अर्जावर सहीसह लिहिलंय तसंच राहू द्या.


जुना_डीबीए

गिरीजकर, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आम्हा लोकांना ती एक एरर दिसते, तुम्हाला शपथपत्र करावं लागतं.

ताई, तेव्हा असं करा. मूळ नावाचा कॉलम अर्जावर आहे तसा, त्यात काहीही बदलायचं नाही. शोधण्यासाठी वेगळा काँप्युटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप काढलेला) ठेवा, ज्यात सरळ कोट, वाकडा कोट आणि जागा तिन्ही रिप्लेसने काढलेली असतील. त्यावर इंडेक्स करा. काउंटरवरच्या माणसाने डि'सोझा, डि’सोझा, डि सोझा, डिसोझा काहीही टाकलं तरी त्याच्या शब्दावर तेच रिप्लेस लावून त्या कॉलमात शोधायचं. छापताना मात्र मूळ कॉलम.

आता वर म्हटलेली क्वोटेड आयडेंटिफायर सेटिंग इथे आडवी येईल. मॅनेजमेंट स्टुडिओत ती चालू असते, एसक्यूएलसीएमडीत मुळात बंद. त्यामुळे दिवसा हाताने चालवलेला इन्सर्ट जाईल आणि तोच रात्रीच्या बॅच फाइलमधून १९३४ नंबरचा एरर देईल. एसक्यूएलसीएमडीला कॅपिटल आय हा स्विच द्या, किंवा स्क्रिप्टच्या वर सेट क्वोटेड_आयडेंटिफायर ऑन लिहा. प्रोसिजर ज्या सेटिंगमध्ये तयार झाली तीच तिच्यासोबत कायम राहते, म्हणून प्रोसिजर तयार करतानाही हे बघा.

आणि आता खरं सांगायचं ते. इन्सर्ट वाक्यं तयार करणंच सोडा. शीट 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा, सगळे कॉलम एनव्हारचार असलेलं एक कच्चं टेबल करा आणि बल्क इन्सर्टने फाइल त्यात ओता. २०१७ पासून फॉरमॅट = 'सीएसव्ही' देता येतो, सोबत कोडपेज = '६५००१' म्हणजे यूटीएफ-८. फाइलमधला सिंगल कोट तिथे नुसतं एक अक्षर असतो, त्याचं एस्केप काही नसतं, कारण तो कुठल्या एसक्यूएल वाक्यात येतच नाही. त्या कच्च्या टेबलातून तपासणी करून खऱ्या टेबलात इन्सर्ट-सिलेक्ट. यात मजकूर कॉलमातून कॉलमात जातो, कोट मधे येत नाहीत.


नवशिका

म्हणजे जिथे किंमत कोडच्या ओळीत हाताने लिहायची तिथेच कोट दुप्पट करायचे, बाकी ठिकाणी पॅरामीटर किंवा बल्क, असं धरू का?


चौकस

हो. फक्त लाइकने (मजकुराचा नमुना जुळवून) शोधताना पॅरामीटर दिला तरी %, _ आणि [ यांना खास अर्थ राहतोच. तो कोटांचा प्रश्न नाही, लाइकच्या स्वतःच्या भाषेचा आहे. त्यासाठी एस्केप क्लॉज वापरायचा: लाइक '%५०!%%' एस्केप '!' म्हणजे '५०%' हा मजकूर शोधला जातो.


सोपारेकर

बल्क इन्सर्टने सगळी शीट कच्च्या टेबलात उतरली आणि ओळींची बेरीज शीटशी जुळली. सगळे डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा जसेच्या तसे आलेत. काही नावांत खरंच वाकडा कोट निघाला, चौकसनी सांगितलेला. ते मी परस्पर बदलले नाहीत, मूळ अर्ज काढून जुळवायला दिलेत. शोधाचा कॉलमही केला. गिरीजकर, तुमची पोस्ट मी ऑफिसात वाचून दाखवली, टिकली काढायचा विषय बंद झाला.

एक शेवटचं. आधीच्या माणसाने लिहिलेल्या रिपोर्टच्या बऱ्याच प्रोसिजर आहेत. त्यात आडनाव प्लसने जोडलेलं असेल ते एकेक उघडून बघायचं का?


जुना_डीबीए

नाही. सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स या व्ह्यूमध्ये प्रत्येक प्रोसिजरचा मजकूर डेफिनिशन नावाच्या कॉलमात असतो. त्यात एक्झेक, एक्झिक्यूट आणि एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल हे शब्द लाइकने शोधा. साध्या प्रोसिजर बोलावणाऱ्याही त्यात येतील, त्या बघून बाजूला काढा आणि उरतील तेवढ्याच उघडा. एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल दिसलं म्हणून सोडू नका, त्यालाही आतमध्ये प्लसने जोडलेलं वाक्य दिलेलं सापडतं. त्याच व्ह्यूमध्ये यूझेस_क्वोटेड_आयडेंटिफायर असा कॉलम आहे, तिथे ० असेल त्या प्रोसिजर सेटिंग चालू करून पुन्हा तयार करा. त्यांच्यात डबल कोटमध्ये लिहिलेला मजकूर असेल तर तो आधी सिंगल कोटमध्ये आणा, नाहीतर तोही कॉलमचं नाव समजला जाईल. यादी निघाली की इथे टाका, क्लिष्ट असतील त्या सोबत बघू.